खाकरणं की ठसका

वर्गातल्या पुतळ्याला माझ्या हातून कधीच ठसका लागला नाही. त्याला पाठीशी उशी देऊन ताठ बसवायचं, हनुवटी छातीकडं झुकवायची, अर्धा चमचा घास जिभेवर ठेवायचा, थांबायचं, "गिळलंत का आजोबा?" असं विचारायचं आणि तोंडात काही उरलंय का ते बघायचं. त्या रबरी आजोबांना मी सहा आठवडे भरवलं आणि त्यांनी एकदाही तक्रार केली नाही. आमच्या मॅडम म्हणाल्या, "बघा पोरींनो, असं भरवायचं." त्या पोरींमध्ये सत्तेचाळीस वर्षांची पोर मी एकटीच. मी मान खाली घालून लाजले, आणि घरी येऊन ही गोष्ट ह्यांना दोनदा सांगितली. दुसऱ्यांदा सांगताना ह्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

कोर्स वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या सहायकांचा होता, सहा महिन्यांचा. या वयात मला वहीला कव्हर घालायची हौस आली होती असं नाही. आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, दीड वर्षापूर्वी लकवा मारला. डावा हात आणि डावा पाय गेला. उजवा हात, बोलणं आणि राग शाबूत राहिला. दवाखान्यातून सोडताना आमच्या हातात एक कागद दिला, त्यावर गोळ्या लिहिल्या होत्या. माणसाला कुशीवर कसं वळवायचं, खाटेवरून खुर्चीत कसं घ्यायचं, यातलं त्यावर काही नव्हतं. पुढं गावाकडून जो जो भेटायला आला, त्या प्रत्येकाकडं एक तेल होतं. वर्षभरात आमच्या कपाटात अकरा बाटल्या जमल्या आणि आबांच्या पाठीला एक जखम. जखम भरून आली, पण माझी झोप काही पूर्वीसारखी झाली नाही. मग औषधाच्या दुकानात या कोर्सचा कागद चिकटवलेला दिसला. वर्ग आमच्या गारखेड्यातच, अकरा ते एक. आठवड्यातून दोन दिवस हर्सूलकडच्या एका वृद्धाश्रमात प्रात्यक्षिक. ह्यांची चितेगावच्या कंपनीत कायम दुपारची पाळी, त्यामुळं सकाळी आबांजवळ हे, दोननंतर मी. जमण्यासारखं होतं.

आता आमच्या घरातली एक रीत सांगायला हवी. त्याशिवाय माझा मूर्खपणा नीट कळायचा नाही.

आम्ही शेतकरी घरातले. सासरा आणि सून यांच्यात एक अंतर पाळायचं, हे मी लग्न होऊन आले तेव्हाही होतं आणि शहरात येऊन टाइल्सच्या घरात राहायला लागलो तरी राहिलं. चोवीस वर्षांत मी आबांच्या चेहऱ्याकडं नीट बघितलं नव्हतं. त्यांच्या पायांची मात्र मला चांगली ओळख होती. तेही माझ्याशी थेट बोलत नसत, भिंतीशी बोलत. "चहाला वेळ आहे का?" असं भिंतीला विचारत, आणि भिंतीमागून मी चहा घेऊन येई. बाहेरून घरात शिरताना ते उंबऱ्यापाशी थांबून मोठ्यानं खाकरत. आत सून आहे, तिनं पदर सावरून घ्यावा, म्हणून. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी, त्या आता नाहीत, मला तो आवाज ओळखायला शिकवला होता.

लकव्यानंतर आबांचं बाहेर जाणं संपलं, पण खाकरणं संपलं नाही. मी ताट घेऊन निघाले की खोलीतून आवाज यायचा. म्हणजे यायची मी आणि खाकरायचे ते! मला त्याचं बरं वाटायचं. निम्मं अंग गेलं, पण माणूस रीत विसरला नाही. अंगाला हात लावायची सगळी कामं, मी वर्गातून शिकून येऊन सांगायची तशी, हे करत; ताट-पाणी माझं.

ताट स्टुलावर ठेवलं की मी दाराच्या पडद्यामागं जाऊन उभी राही. भाकरी हवी की वरण हवं, हे वाटीच्या आवाजावरून ओळखायचं. ते उजव्या हातानं स्वतःच जेवत, भराभर जेवत. आणि शेवटी पाणी. आबा तांब्या वरून प्यायचे. ओठांना न लावता, मान मागं टाकून, धार थेट घशात. लकव्यानंतर दुसऱ्या महिन्यात त्यांनी भरलेला तांब्या एका हातानं उचलला आणि धार सोडली, तेव्हा सदऱ्यावर थेंब सांडला नाही. त्या दिवशी मी शिरा केला होता. पुढं कुणी पाहुणे आले की हे हमखास म्हणायचे, "आबा, पाणी प्या ना." आबा पिऊन दाखवायचे. पाहुणे म्हणायचे, "वा रे पठ्ठे!" मग आबा दोनदा खाकरायचे. आम्हाला वाटायचं, कौतुक पोचलं.

गिळण्याचा धडा सातव्या आठवड्यात आला. आमच्या मॅडम निवृत्त सिस्टर. आवाज असा, की ऐकून माणसानं आपोआप ताठ बसावं. त्या म्हणाल्या, "लकव्याच्या माणसाला घासापेक्षा पाणी जड जातं. घास सावकाश जातो, पाणी पळतं. गळ्याचं झाकण लागायच्या आत श्वासाच्या नळीत उतरतं. तिथून छातीत. मग ताप, मग न्युमोनिया. म्हणून खाता-पिता ठसका लागला की थांबायचं. काय करायचं?"

"थांबायचं," आम्ही एका सुरात म्हणालो.

माझ्या शेजारी एक तिशीतली बाई बसायची. दोन लेकरांची आई, माहेर मेंढरांमागं फिरणारं. एरवी वर्गात ती तोंड उघडत नसे. त्या दिवशी बोलली. "व्हय मॅडम. कोकराला बाटलीनं दूध पाजताना मुंडकं लई वर नाय धरायचं. दूध छातीत जातं. दोन दिवस धापा टाकतं आन् मरतं."

"अगदी बरोबर," मॅडम म्हणाल्या. "माणसाचंही तेच. मान मागं नको, हनुवटी खाली हवी."

मी वहीत सुंदर अक्षरात लिहिलं, 'मान मागे नको'. लाल पेनानं खाली रेघ मारली. पट्टी लावून मारली. पेनाला टोपण लावलं. आणि मग डोळ्यांसमोर तांब्या आला.

पुढचा अर्धा तास मॅडम काय बोलल्या ते मला आजही ठाऊक नाही. वहीत त्या दिवसाच्या पानावर रेघेखाली काही नाही.

घरी आले तर हे कंपनीचा शर्ट घालत होते. मी चप्पल न काढताच म्हणाले, "अहो, आबांना ठसका लागतो."

"आबा खाकरतात."

"खाकरणं नाही हो ते. कदाचित नाही."

"तू कोर्सला जायला लागल्यापासून या घरात सगळ्यांना रोग झालेत," हे बटणं लावत म्हणाले. "मला गुडघा झालाय, शेजारच्या काकूंना तोल जाणं झालंय. आता आबांना खाकरणं झालं. अगं, तो माणूस साठ वर्षं खाकरतोय!"

यात खोटं काहीच नव्हतं, हीच पंचाईत होती. ठसका कोणता आणि खाकरणं कोणतं, हे मला पडद्यामागून कळत नव्हतं. मी तिथं असले की ते रीत म्हणून खाकरणार, आणि मी तिथं नसले तर ऐकणार कोण? शेवटी मी बांगड्या काढल्या. पायातली जोडवीही काढणार होते, पण ती निघेनात. ताट आधीच ठेवून आले, स्वयंपाकघरात उगाच नळ सोडला, आणि आपल्याच घरात चोरासारखी चवड्यांवर चालत पडद्यापाशी आले. माझं वजन बघता हे दृश्य कुणी पाहिलं नाही हे बरं झालं.

पहिल्या दिवशी नेमका भाजीवाला ओरडत आला आणि काही ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशी मला स्वतःलाच शिंक आली. आतून आबा खाकरले आणि सगळं मुसळ केरात. तिसऱ्या दिवशी नीट ऐकलं. जेवताना एकदा, बारीक. मग तांब्या उचलल्याचा आवाज, धारेचा आवाज, आणि लगेच तीन-चार वेळा, दाबून दाबून, कुणाला ऐकू जाऊ नये असं. खाकरणारा माणूस आवाज दाबत नाही. त्याला तो ऐकवायचाच असतो.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना गाठलं. त्यांनी विचारलं, "आवाज ओला होतो का नंतर? गिळताना गळ्याची गाठ वर सरकते का?"

"ते बघितलं नाही. ऐकलं फक्त."

"ऐकून काय होतं? समोर बस आणि गळा बघ."

"मॅडम, सासरे आहेत माझे."

"मग?" त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "आश्रमातल्या बाबांना आंघोळ घालतेस ना?"

घालत होते. हर्सूलच्या आश्रमात मी परक्या आजोबांची नखं कापली होती, कवळ्या धुतल्या होत्या. एकाला तर मी दरडावलंही होतं. त्यांच्यासमोर मी सहायक होते, ॲप्रन घातलेली. घरी मला कुणी ॲप्रन दिला नव्हता. घरी पदर होता. मॅडमना हे सांगायला गेले, पण सांगताना माझं मलाच ते इतकं हास्यास्पद वाटलं की "हो, बघते," म्हणून मी निघून आले. आणि दोन दिवस बघितलं नाही. भाकरी जास्त वेळ भिजवून दिली, तांब्या अर्धाच भरून ठेवला, आणि मनाला सांगितलं की आपण काहीतरी केलं.

तिसऱ्या दिवशी आबांनी सकाळचा चहा अर्धा ठेवला. डोळे लाल दिसत होते असं हे म्हणाले. कपाळाला हात लावून बघायची माझी हिंमत झाली नाही. मी थर्मामीटर ह्यांच्या हाती आत पाठवला. ताप शंभराच्या वर गेला होता.

दवाखान्यात छातीचा फोटो काढला. डॉक्टर तरुण होते. फोटो उजेडाकडं धरून म्हणाले, "उजवीकडं खाली थोडं धरलंय. लवकर आणलंत, गोळ्यांनी जाईल. पण हे सर्दीचं नाही. खाणं-पाणी छातीत जातंय. पाणी कसं पितात?"

हे म्हणाले, "तांब्या वरून. स्वतः!" आणि म्हणताना त्यांच्या आवाजात सवयीनं जरा अभिमान आला. मग डॉक्टरांचा चेहरा बघून तो गेला.

"बंद करा. आजपासून. कपानं, चमच्यानं, मान खाली. पातळ पाणी सध्या नको, सगळं दाटसर द्या. आणि जेवताना कुणीतरी समोर बसून गळ्याकडं बघायचं, प्रत्येक घोटाला. कोण बसतं समोर?"

मी पदर सारखा केला.

"पुन्हा असं झालं तर नाकातून नळी घालावी लागेल," डॉक्टर म्हणाले.

घरी येताना आबा रिक्षाच्या टपाकडं बघत बोलले. लकव्याच्या वेळी त्यांच्या शेजारच्या पलंगावर नळी घातलेला एक म्हातारा होता. तो नळी ओढायचा म्हणून त्याचे हात पलंगाला बांधून ठेवायचे. "नाकात नळी घालायची पाळी आली, तर गावाकडं नेऊन टाका मला. औषध नको, काही नको." मग त्यांना खोकला आला. हे बाहेर बघत राहिले. मी प्रत्येक ठसका मनात मोजत होते आणि मोजून काय करायचं ते मला कळत नव्हतं.

दुपारच्या जेवणाला हे समोर बसू लागले. पण दाटसर वरण चमच्या-चमच्यानं खायला पाऊण तास लागतो, आणि कंपनीची बस दोनला येते. एक मोजा पायात, एक हातात, आणि तोंडानं "आबा, सावकाश घ्या हां... आबा, जरा लवकर." संध्याकाळचं जेवण तर पूर्णच माझ्याकडं होतं.

पहिल्या संध्याकाळी मी खुर्ची ओढून समोर बसले. पदर डोक्यावर, नजर त्यांच्या सदऱ्याच्या दुसऱ्या बटणावर. तिथून वर चढवायची होती, चढेना. आबांनी हात मांडीवर ठेवला तो ठेवलाच. थोड्या वेळानं भिंतीला विचारलं, "कुणाला आत कामं नसतील का?"

मीही भिंतीला सांगितलं, "डॉक्टरांनी समोर बसायला सांगितलंय."

"मग भूक नाही."

वरणावर साय धरली. मी ताट उचललं. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. दिवसभरात पोटात गेलं ते फक्त मोज्याच्या घाईतलं. गोळ्या उपाशीपोटी नकोत, जोर कमी झाला तर खोकून बाहेर काढायची ताकद राहत नाही, हे सगळं मला आता पाठ होतं. कोर्स केला नसता तर मी निदान निवांतपणे घाबरले असते. आता मला कशाकशाला घाबरायचं त्याची सविस्तर माहिती होती. आश्रमात एका आजोबांना भरवताना मी दोन चमच्यांमध्ये इतका वेळ थांबायला लागले की मॅडमनी चमचा काढून घेतला.

वर्गात शेजारी बसणाऱ्या त्या बाईला मी हे सांगितलं, तर ती फिस्सकन हसली. "ताई, तुम्ही फौजदारावानी बसत असाल. कोन खाईल?"

"मग कशी बसू?"

"मला काय म्हाईत? माझा सासरा तर माझ्याशी भांडतो रोज. आमचं लई बरंय."

तिसऱ्या संध्याकाळी मी ज्वारीची आंबील केली, चमचा उभा राहील अशी दाट. आबांना ती आवडते. वाटी, लहान चमचा, मऊ कालवलेली वरण-भाकरी, सगळं मांडलं आणि समोर बसले. आबांचा हात मांडीवर. पाच मिनिटं गेली. मी मनात तयार केलेली सगळी गोड वाक्यं गेली, आणि तोंडातून भलतंच निघालं.

"आबा, तुम्ही नाही खाल्लं तर नळी घालतील."

पेशंटला भीती घालायची नाही, हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात. त्या परीक्षेत मला पैकीच्या पैकी होते.

आबांनी मान वळवली आणि माझ्याकडं बघितलं. भिंतीकडं नाही. मलाही नजर काढून घेता आली नाही. चेहरा माझ्या कल्पनेपेक्षा बारीक होता, डावा गाल जरा उतरलेला.

"तुला पाहिजे का नळी?"

"नाही."

"मग अशी का बसलीस? मढ्यापाशी बसल्यासारखी. एकजण जेवतोय आणि एकजण टक लावून बघतोय, माणसाच्या गळ्याखाली उतरंल का?" मग थोडं थांबून, "तुझं ताट कुठंय?"

"मी नंतर जेवते."

"इथं आण."

आम्हा दोघांना समोरासमोर जेवायला बसलेलं सासूबाईंनी बघितलं असतं तर त्या काय म्हणाल्या असत्या, हा विचार करायलाही वेळ नव्हता. आंबिलीची वाटी आबांच्या हाताशी होती आणि मी तिथं नव्हते. मी स्वयंपाकघरात अक्षरशः पळत गेले, हाताला लागली ती भाकरी ताटात टाकली, भाजी घेतली की नाही आठवत नाही, आणि पळत आले. त्यांनी चमचा उचलला नव्हता. थांबले होते.

मी घास तोंडात घातला. त्यांनी चमचा भरला. "हनुवटी खाली, आबा," मी म्हणाले. त्यांनी घेतली. गळ्याची गाठ वर गेली, थांबली, खाली आली. मी वाट बघितली. काही नाही. "आ म्हणा." त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण म्हणाले, "आ." आवाज कोरडा होता. दुसरा चमचा. तिसरा.

चौथ्याला ठसका लागला.

माझं ताट लवंडलं. मी उठले, त्यांच्या पाठीमागं हात घालून त्यांना पुढं झुकवलं. पाठीत धपाटे मारायचे नाहीत, खोकू द्यायचं. तेवढं आठवलं. हाताखाली त्यांची हाडं लागत होती, आणि प्रत्येक उबळीला ती हलत होती. चार वेळा खोकले. पाचव्यांदा लहान. मग श्वास लागला, पुन्हा सारखा झाला. डोळ्यांतून पाणी आलं होतं, ते त्यांनी उजव्या मनगटानं पुसलं.

"आ म्हणा, आबा. मोठ्यानं."

"आ."

मी कान देऊन ऐकलं. ओला नव्हता. मला तरी नाही वाटला. मी पुन्हा म्हणायला लावलं, तिसऱ्यांदाही लावलं असतं, पण ते माझ्या तोंडाकडं बघत होते. माझा पहिला घास तसाच गालात होता, फुगलेला, चावलासुद्धा नव्हता.

"तो गिळ आधी," आबा म्हणाले. "मग माझ्याकडं बघ."

मी खाली बसले, चावला, गिळला. त्यांनी चमचा पुन्हा भरला, या वेळी अर्धाच, आणि मी बघते आहे की नाही याची खात्री करून मगच हनुवटी खाली घेतली.